मेलावाले आणि आलावाले

मी आयुष्यात एकच नाटक लिहिलं आणि त्याचे शेवट मात्र दोन लिहिले. अजूनही अर्जुनीच्या बाजारात एखादा म्हातारा भेटला, की रामराम व्हायच्या आधी विचारतो, "मास्तर, त्यातला खरा शेवट कोनता जी?" मी हसतो आणि समोरच्या वांग्यांचा भाव विचारतो. पूर्वी मी चिडायचो. एकदा तर एका भल्या माणसाला भर बाजारात म्हणालो होतो, की तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का? तो बिचारा ओशाळला. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला नाटक आवडलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

आमचं गाव प्रतापगडाच्या डोंगरापासून दोन कोसांवर. तेव्हा जिल्हा भंडाराच होता, इटियाडोहच्या धरणाचा पत्ता नव्हता आणि धान पिकायचं ते पावसावर नि बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावर. दिवाळी झाली की आमच्या भागात मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरेधायरे गाड्या जुंपून येतात, बाजार भरतो, दंडारीचा नाच होतो आणि मग गावच्या मंडळीचं नाटक. ज्या गावचं नाटक पडलं त्या गावाला पुढच्या मंडईपर्यंत टोमणे ऐकावे लागतात. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि मंडळीचा प्रॉम्प्टर. नट विसरला की पडद्याआडून वाक्य पुरवायचं, हे माझं काम. वाक्यं दुसऱ्यांची पुरवून पुरवून मला वाटायला लागलं, की आपण स्वतःच का लिहू नये?

लिहायला विषय घरातच होता. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ सालेकशाकडच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या फडावर मुनशी म्हणून गेला. पावसाच्या तोंडावर फड उठला, बाकीचे घरी आले, दादा आला नाही. एकानं सांगितलं, गोंदियाच्या फलाटावर ट्रंकेवर बसून चहा पिताना पाहिला. दुसऱ्यानं सांगितलं, तो जंगलातून बाहेर निघालाच नाही. मी जाऊन आलो. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "वो तो कब का निकल गया, मास्टरजी." कुठे निकल गया, ते त्याला ठाऊक नव्हतं. पोलिसांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं, आणि त्या कागदाचंही पुढे दादासारखंच झालं.

घरात मागे राहिलो आम्ही तिघं. आई, मी आणि वहिनी. वहिनी तेव्हा विशीची, लग्नाला तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ती फार बोलणारी नव्हती. महाशिवरात्रीला प्रतापगड चढायची, आधी महादेवाला जायची आणि मग वर दर्ग्यावर. दोन्हीकडे मागणं एकच. उतरताना मला म्हणायची, "भाऊजी, एकाच्या तरी कानात गेलं असंल." असं म्हणून ती हसायची आणि वाटेतली बोरं वेचायची.

दादा जाऊन दोन वर्षं झाल्यावर मी नाटक लिहिलं. घरातला थोरला मुलगा जंगलाच्या ठेक्यावर जातो आणि नाहीसा होतो. संशय कोणाकोणावर येतो, त्याच्या भागीदारावर, चुलत्यावर, एका बैराग्यावर. डोक्यावर हॅट घातलेला फौजदार तपास करतो. हे दादाचं नाही, असं मी तेव्हा ज्याला त्याला सांगत होतो. ते खोटं होतं. पण त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की लिहिताना मला दादाची आठवण येऊन रडू येत नव्हतं, उलट मजा येत होती. कुणाला ओळखू येणार नाही असा गुंता जमतोय, याचा आनंद होत होता.

रहस्य राखण्याचं मला वेडच लागलं. शेवटचं पान मी कुणाला दाखवलं नाही. तालमी तिसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंत व्हायच्या आणि तिथून मी सगळ्यांना घरी पाठवायचो. गावभर पैजा लागल्या. भागीदारानंच मारलं म्हणणारे होते, चुलता म्हणणारे होते, नाहीसा झालेला मुळात मेलाच नाही म्हणणारेही होते. घरी आई विचारायची, वहिनी विचारायची नाही. ती फक्त ताट वाढताना थोडा वेळ थांबायची. मला ते कळत होतं, आणि मी मान खाली घालून भात कालवायचो.

आमच्याकडे बायकांचं काम पुरुष करत. नायिकेचं लुगडं-दागिने गावातल्याच कुठल्यातरी घरून यायचे, आणि ज्या घरचे जात त्या घराला त्याचा अभिमान असे. त्या वर्षी नायिका होता आमच्या गावचा तरणा सुतार. अंगानं किडकिडीत, मनगटं बाईसारखी. वहिनीनं लग्नातलं लाल लुगडं काढून दिलं. मंडईच्या दिवशी सकाळी त्याला ओसरीवर बसवून, हाताला तेल लावून, स्वतःच्या हिरव्या बांगड्या एकेक करून त्याच्या हातात चढवल्या. बाईनं हात मोकळे ठेवायचे नाहीत, म्हणून स्वतःच्या हातात एकेक तेवढी ठेवली. त्याला म्हणाली, "सांभारून जी. फोडजो नोको. कासार आता पुढच्या बाजारी येते."

मी तिथेच उभा होतो. शेवटचं पान माझ्या खिशात होतं.

थोड्या वेळानं शाळेमागे नेऊन मी ते पान सुताराला दिलं. त्यानं दोनदा वाचलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मास्तर, खऱ्या फोडू का?"

"खऱ्याच फोड," मी म्हणालो, "आवाज मांगच्या लोकाइपर्यंत गेला पाहिजे."

बांगड्या काय, कासाराकडून नव्या भरून देऊ, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. खरंच एवढाच होता. या गोष्टीवर लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि मीही त्यांच्या जागी असतो तर ठेवला नसता.

त्याच दिवशी मोठ्या गावची मंडई होती आणि भाड्याच्या गॅसबत्त्या सगळ्या तिकडे गेल्या होत्या. म्हणून आम्ही नाटक दुपारीच उभं केलं. कापणी झालेल्या हलक्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतातच, तनशीचा पेंढा पसरून लोक बसले. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. रात्रीच्या नाटकात पडद्याआडून प्रेक्षक दिसत नाहीत, नुसता अंधार आणि खोकला. त्या दिवशी मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. बायकांत पुढच्या रांगेत वहिनी बसली होती आणि तिच्या मागे पाहुणा आलेला तिचा थोरला भाऊ धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता.

नाटक रंगलं, असं रंगलं की मला पुन्हा आयुष्यात तसं काही जमलं नाही. तिसऱ्या अंकात फौजदारानं भागीदाराच्या शेताचा धुरा खणायला लावला. ट्रंक निघाली. ट्रंकेत रक्ताचा सदरा. सुतारानं तो सदरा ओळखला, छातीशी धरला, आणि दोन्ही हात मांडवाच्या खांबावर आपटले. काच फुटल्याचा आवाज मागच्या गाड्यांपर्यंत गेला. बायका मोठ्यानं रडायला लागल्या. मी वहिनीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती खांबाखालच्या काचांकडे पाहत होती, आणि मग तिनं हळूच आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी खाली उतरवा म्हणालो, पण फार जोरात नाही म्हणालो.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा वहिनी मागच्या सांदवाडीत बसून रडत होती. आई तिच्याजवळ होती. आईनं मला हातानं खूण केली, तू जा. वहिनी पुष्कळ वेळ रडली. दादा गेल्यापासून ती अशी कधीच रडली नव्हती, कारण रडायला काही घडलं असं कुणी म्हटलंच नव्हतं. सकाळी उठलो तर ती न्हालेली होती, आणि उरलेल्या दोन बांगड्या चुलीजवळच्या कोनाड्यात काढून ठेवलेल्या होत्या. तिचा चेहरा सुजलेला होता, पण शांत होता. ती शांतता मला तेव्हा वाचता आली नाही. मी नुसता घाबरलो.

तेवढ्यात तिचा भाऊ ओसरीवर आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "मास्तर, घरच्याच मानसानं चार गावाइसमोर सांगतलं, मेला म्हनून. मंग बहिनीले कायले ठेवून राहिले? मी नेतो तिले. सा महिन्यात पाटाचं पाहतो."

पाट म्हणजे आमच्याकडे विधवेचं दुसरं लग्न. त्याला कुणी नाक मुरडत नाही. पण जिचा नवरा नुसता बेपत्ता आहे, तिचा पाट लावायला कुणी धजत नाही. तिच्या भावाला मनापासून वाटलं होतं, की मी जंगलातून काही खबर आणून दडवली आहे आणि तोंडानं सांगवत नाही म्हणून नाटकातून सांगितली. आमच्या भागात असं समजणं वेडेपणाचं नव्हतं. वाईट बातमी लोक अशीच आडून सांगत. मला एवढंही सुचलं नव्हतं, आणि मी स्वतःला हुशार समजत होतो.

वहिनी दारात आली. तिच्या हातात गाठोडं होतं. तिनं ते आधीच बांधून ठेवलं होतं.

मी म्हणालो, "नाटक होय ते, पाहुणे. त्याच्यातलं काई खरं नसते. मले काईच मालूम नाई. दादा येनार आहे."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले खरंच काई मालूम नाई, भाऊजी?"

"नाई."

"मंग शेवट तसा काऊन लिवला?"

"लोकाइले आवडते म्हनून."

ती वळली. मग आत गेली, गाठोडं सोडलं, आणि कोनाड्यातल्या दोन बांगड्या पुन्हा हातात घातल्या. मला हायसं वाटलं. भाऊ म्हणाला, "एक वरस वाट पाहतो," आणि गाडी जुंपून निघून गेला.

आता गावाचं सांगतो. गाव दुभंगलं. एक बाजू म्हणायची, असा शेवट कुठल्या मंडईत झाला नाही, मास्तरनं छाती फोडली. दुसरी बाजू म्हणायची, मास्तरनं घरच्या लक्ष्मीच्या बांगड्या फोडल्या, त्याला शाळेत तरी कशाला ठेवता? पहिल्यांना लोक मेलावाले म्हणायला लागले आणि दुसऱ्यांना आलावाले, कारण त्यांचं मागणं होतं, की तो माणूस परत आला पाहिजे. पानठेल्यावर, बोडीवर, धान चुरताना, जिथे तिथे हेच. सख्खे भाऊ यावरून आठ-आठ दिवस बोलत नसत.

पुढच्या मंडईला मी दुसरा शेवट लिहिला. ट्रंक निघते, सदरा निघतो, सुतार खांबाकडे धावतो, तेवढ्यात बैरागी "थांब!" म्हणून ओरडतो आणि दाढी काढतो. तोच हरवलेला नवरा. लोकांनी आकाश डोक्यावर घेतलं. वहिनीचा भाऊ धुऱ्यावर उभा राहून डोळे पुसत होता. त्यानं पाटाचा विषय काढला नाही. आमच्याकडे जेवला आणि गेला.

मी हा शेवट पश्चात्तापानं लिहिला, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. तोही होता. पण दुसरंही एक कारण होतं, आणि ते आता लिहून टाकतो. आईचे गुडघे गेले होते. मी शाळेत. रोवणी, निंदण, गोठा, चूल, सगळं वहिनीवर होतं. ती गेली असती तर घर बसलं असतं. बैराग्याची दाढी काढताना मला हे ठाऊक होतं.

त्यानंतर नाटक आसपासच्या गावांतही जायला लागलं. बोलवायला येणारी माणसं ओसरीवर बसून, सुपारी कातरत, आधी एकच म्हणायची, "आमच्या गावाले मेलेला पाहिजे का आलेला, ते इचारून सांगतो." वहिनी त्यांना पाणी आणून द्यायची. आमच्या गावात मात्र आलेलाच. ती दर वर्षी त्याच जागी बसून नाटक पाहायची. दाढी निघाली की आजूबाजूच्या बायका टाळ्या वाजवायच्या. ती टाळ्या वाजवत नसे. घरी येऊन चूल पेटवायची. एकदा गोंदियाचा एक धान-व्यापारी मला म्हणाला, "मास्टरजी, पहलेवाला अच्छा था. आदमी रो के घर तो चला जाता था. वापस काहे को लाये उसको?" त्याला नाटक कशाशी खातात ते ठाऊक नाही, असं मी ठरवून टाकलं.

दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मला दिसल्या नाहीत. पहिल्या नाटकानंतरच्या महाशिवरात्रीला वहिनी प्रतापगडावर गेली नव्हती. पाय दुखतो म्हणाली होती. दुसऱ्या शेवटानंतर मात्र पुन्हा जायला लागली, आणि मग एकही वर्ष चुकलं नाही. दुसरी गोष्ट त्या बांगड्यांची. मी कासाराला घरी बोलावलं, तिनं त्याला चहा देऊन परत पाठवलं. हातात एकेक बांगडी, ना भरलेले हात ना मोकळे. रोवणीच्या दिवसांत चिंधी गुंडाळून ती त्या दोन बांगड्या सांभाळायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "राहू दे ना. पुरते एवढं."

अशी आठ वर्षं गेली. तिचा भाऊ हळूहळू यायचा थांबला. ज्याच्याशी पाट ठरवायचं त्याच्या मनात होतं, त्या माणसाला तोवर तीन मुलं झाली होती. सुताराला मिशा आल्या, त्याची नायिका दुसऱ्याकडे गेली. दादाची खबर आली नाही.

आठव्या वर्षी भादव्यात वहिनीला ताप आला. वैद्य झाला, मग अर्जुनीचा डॉक्टर झाला. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. ती इतकी वाळली, की बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. एका दुपारी आई झोपली होती, मी उशाशी बसून पंख्यानं वारा घालत होतो. मला वाटलं तिचा डोळा लागला आहे. ती डोळे न उघडता म्हणाली, "भाऊजी, यंदा मंडईले कोनता करून राहिले?"

"आलेलाच," मी म्हणालो. तिला बरं वाटेल म्हणून.

तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "पयल्या वरसी मी रडून मोकरी झाली होती, भाऊजी. गाठोडं बांधलं होतं. तुमीच तर त्यायले वापस आनलं."

माझा पंखा थांबला.

"मंग वाट पाहाच लागली ना जी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो, समजूत घातली असती. तिनं पाणी मागितलं, मी पाजलं. मला म्हणायचं होतं, की वहिनी, माझं चुकलं. ते मी म्हटलं नाही. उद्या म्हणू, ताप उतरल्यावर म्हणू, असं करत तीन दिवस गेले, आणि चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

बायका जमल्या. न्हाऊ घातलं, आणि तिथे सगळं अडलं. सवाष्ण असेल तर हिरवं लुगडं, कुंकू, चुडा, ओटी. विधवा असेल तर यातलं काहीच नाही. एक म्हातारी म्हणाली, "सवाशीन होय ते. हिरवं आना." दुसरी म्हणाली, "धा वरसं झाले, कोनता नवरा अन् कायची सवाशीन?" दोघींचे आवाज चढले. मला पडवीत बसून सगळं ऐकू येत होतं. मेलावाले आणि आलावाले माझ्या घरात, तिच्या उशाशी भांडत होते. नाटकावरून भांडताना वापरायचे तेच शब्द, तेच दाखले.

मग कुणीतरी म्हणालं, "मास्तरले पुसा ना. त्यायनंच लिवलं."

ती म्हातारी दारात आली. तिच्या मागे दोन्ही बाजूंच्या बायका होत्या. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, जशा बांधीत तनशीवर बसून पाहायच्या. "सांगा जी मास्तर, कसं न्यावं तिले?"

"हिरवं," मी म्हणालो.

सगळ्यांना ते पटलं. मेलावाल्यांनाही पटलं, पदर डोळ्यांना लावून त्या कामाला लागल्या. हिरवं लुगडं आलं, कपाळभर कुंकू भरलं, कोपरापर्यंत नवा चुडा चढला. त्या दोन जुन्या बांगड्या कुठे गेल्या ते मला ठाऊक नाही. गावात आजही सांगतात, की मास्तरनं वहिनीला सवाष्णीसारखं नेलं, घरच्या लक्ष्मीचा मान राखला. हे सांगताना त्यांचे डोळे भरून येतात, आणि मी तिथून उठतो.

पहिल्या शेवटाच्या वेळी मी तिला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या वेळी तिला विचारलं नव्हतं. तिसऱ्याच्या वेळी विचारायचीही गरज नव्हती. ती स्वतः सांगून गेली होती, आणि तरी मी हिरवं म्हणालो.